पत्र लिहिणारी बरी आहे

दार ढकलून तो सरळ आत आला, उंबऱ्याशी चिखलाचे बूट काढले, पाऊस प्यालेली फेल्ट हॅट खुंटीला अडकवली आणि हातातली पेटी धपकन खाली ठेवत म्हणाला, "माय वं! आलो!"

आतून कुणी ओ दिली नाही. तरी त्याचं काही अडलं नाही. कोपऱ्यातल्या माठातून त्याने गडवाभर पाणी घेतलं, उभ्यानेच घटाघटा प्यायला, आणि गडवा खाली आणताना कुठे त्याला दिसलं — खिडकीजवळच्या टेबलाशी एक बाई बसली आहे. मांडीवर चार-पाच महिन्यांची पोर, दातांत पेन, आणि डोळे असे मोठे झालेले की त्याने गडवा चोरल्यासारखा पाठीमागे लपवला.

"कोण पाहिजे तुमाले?" भागीरथाने दातांतलं पेन काढलं.

"हे... सडक अकरा नाही का?"

"बारा."

"क्वार्टर पाच-ब?"

"पाच-बच आहे जी. पण बारातलं. अकरातलं पाच-ब मागच्या बाजूले."

"अरे बाप्पा!" त्याने कपाळावर हात मारला. "माफ करा वहिनी. पण करू तरी काय? दार तसंच, खिडकी तशीच, अंगणातला नळ तसाच... सगळे क्वार्टर एकाच साच्यातून काढून राहिले!"

भागीरथाला हसू आलं. सेक्टर दोनमध्ये ही गोष्ट काही नवी नव्हती. सडकांच्या पाट्या अजून अर्ध्याअधिक लागायच्या होत्या. गेल्या महिन्यात नऊ नंबर सडकेवरचे सुखराम पाळी संपवून आले ते शेजारच्या सडकेवर जेवायला बसले. भाजीत मीठ कमी म्हणून ओरडले, आणि वाढणाऱ्या बाईने पदर सावरत विचारलं, "भाऊ, तुमी कोण?" तेव्हापासून नळावर कुणीही कुणाला मीठ मागितलं की बाया हसून लोळायच्या.

"होते अशी चूक," ती म्हणाली. "बसा. पावसाचा जोर कमी झाला की जा."

म्हणता म्हणता तिची नजर त्याच्या पेटीवर गेली. पत्र्याची काळी पेटी. तिच्यावर पांढऱ्या रंगात इंग्रजी अक्षरं — डी. एम. लांजेवार, भिलाई.

भागीरथाच्या हातातलं पेन टेबलावर गडगडलं.

देवीदास मारोतराव लांजेवार. तिचा नवरा.

तो रविवारी यायचा होता. आज शुक्रवार होता. आणि तो तिच्यासमोर उभा होता, तिच्याच मैत्रिणीच्या गडव्यातून पाणी पिऊन, तिलाच वहिनी म्हणत!

यात त्याची तरी काय चूक? गेल्या वैशाखात साकोलीजवळच्या गावी लग्न लागलं, तेव्हा तिचा पदर नाकापर्यंत आणि त्याचं तोंड मुंडावळ्यांमागे. शिवाय भली जाड मिशी, जी आता पार गायब होती. लग्नाच्या दुसऱ्या दिवशी ती रीतीप्रमाणे मांडवपरतणीला माहेरी गोंदियाला गेली. पाचव्या दिवशी तो तिला न्यायला यायचा, मग घरात पूजा व्हायची, मग संसार. तो आलाच नाही. त्याच्याऐवजी तार आली. पोलाद कारखान्याच्या पोरांची एक तुकडी रशियाला शिकायला निघाली होती, आणि त्या तुकडीत त्याचं नाव होतं. सासूने, मैनाबाईंनीच, महिन्याभराने जाऊन सुनेला भिलाईला आणलं. तेव्हा घर खुर्सीपारला टिनाच्या झोपडीत होतं. क्वार्टर मिळालं ते पहिली भट्टी पेटली त्या फेब्रुवारीत.

वर्षभरात तिने नवऱ्याला ओळखलं ते फक्त पत्रांतून. सासू सांगायची आणि ती लिहायची, कारण घरात लिहिणारी तीच एकटी. त्याची पत्रं यायची तीही सासऱ्यांच्या नावावर, आणि शेवटी एकच ओळ — "सौ. भागीरथास आशीर्वाद." तेरा पत्रं, तेरा आशीर्वाद. जसा काही तो ऐंशी वर्षांचा बुवाच!

आता तो बुवा समोरच्या स्टुलावर ओल्या मांजरासारखा अंग चोरून बसला होता. आणि भागीरथाला एकाएकी वाटलं, सांगूच नये. थोडा वेळ. पाऊस थांबेपर्यंत.

तिने स्टोव्ह पेटवला, चहाचं आधण ठेवलं. रुक्मा — म्हणजे मांडीवरची पोर — लगेच रडायला लागली.

"द्या इकडे," तो म्हणाला. त्याने पोरीला उचललं ते अगदी जपून, मानेखाली हात घालून. भागीरथाने ते पाहून ठेवलं. "कशी तुमच्यावरच गेली आहे!" तो म्हणाला.

"माही नाही हो," भागीरथा हसली. "हे अन्नपूर्णाचं घर. ती घासलेट आणाले गेली खुर्सीपारले. मी पोरगी राखून राहिली, आन् हे... लिहून राहिली."

"काय लिहून राहिल्या?"

"फारम. नागपूर विद्यापीठाचा. एम.ए.चा. गणित घेऊन."

त्याचे हात पोरीच्या पाठीवर थांबले. "म्हंजे बी.ए. झालं तुमचं?"

"हाव. आताच निकाल लागला. मॅट्रिक झाल्यावर सगळं बाहेरूनच केलं. पुस्तकं आणाची, घरी वाचाची, परीक्षेले जाऊन बसाचं..." ती चहा गाळताना थांबली. "शिकवणाऱ्या माणसाचा आवाजच नाही आयकला कधी. एखादं गणित अडलं तं चार-चार दिवस अडलेलंच. पुसाचं कोणाले? एकदा तरी फळ्यासमोर बसाचं आहे मले. बस, तेवढंच."

हे तिने आजवर अन्नपूर्णाखेरीज कुणाला सांगितलं नव्हतं. घरी फॉर्म दिसला की मैनाबाईंच्या डोळ्यांना पाणी यायचं, म्हणून तर ती इथे येऊन लिहीत होती.

"मंग अडलं कुठं?"

"सहीवर. नवऱ्याची सही पाहिजे खाली. तीस तारखेपर्यंत फारम नागपूरले पोचाले पाहिजे. उद्या अकरा वाजता माहे बाबा मालगाडी घेऊन भिलाई टेसनातून जातीन. गार्ड आहेत ते. सोमवारी त्याईची सुट्टी, खिडकीवर स्वतः नेऊन देतो म्हणाले. उद्याची गाडी चुकली का वरीस गेलं."

"मंग घ्या ना सही! नवरा कुठं आहे?"

भागीरथाने चहाची कपबशी त्याच्यासमोर ठेवली. "परदेशी होता. येते म्हणते एक-दोन दिवसात." आणि मग, कपाकडेच पाहत, "पण त्यानं नाही म्हटलं तर? तुमची बायको असती, अन् दोन वर्षं नागपूरले जातो म्हणाली असती... तुमी केली असती सही?"

"कावून नाही?" तो इतक्या जोरात म्हणाला की रुक्मा दचकली. "वहिनी, मले क्रेन कोणी शिकवली, माहीत आहे? बाईनं! गालीना म्हणून होती तिथं. वितळलेल्या पोलादाची एवढी मोठी बाल्टी, आपलं अख्खं क्वार्टर मावन तिच्यात, आन् हे बाई दोन बोटांनी हलवे. पहिल्या दिवशी माहे पाय लटलट कापत होते. ते म्हणे, खाली नको पाहू, माह्या हाताकडं पाह्य. आठ महिने मी तिच्या हाताकडं पाह्यलं. अन् इथं येऊन बायकोले म्हणू का, तू शिकू नको? हात जोडून सही करन मी!"

तो ताठ बसून बोलत होता, आणि मांडीवरची रुक्मा त्याच्या सदऱ्याचं बटण मन लावून चोखत होती.

भागीरथाच्या गालांना ऊब आली. स्टोव्हचीच असावी.

"बायको कशी आहे तुमची?" तिने सहज विचारल्यासारखं विचारलं.

तो एकदम लाजला. "खरं सांगू? पाह्यलीच नाही मी नीट. हात पाह्यले. हळदीचे... लगीन लागताना. पाय नाही, तोंड नाही, नुसते हात."

"अगं बाई! मंग ओळखसान कसे?"

"पत्र लिहिते ना ते." त्याने कोटाच्या आतल्या खिशावर हात ठेवला. तिथे काहीतरी जाड होतं. "माय सांगते, ते लिहिते. वांग्याचा भाव, गाय व्याली, कोणाचं लगीन झालं... सगळं मायचं. पण शेवटी एक ओळ असते. 'ता. क. — पत्र लिहिणारी बरी आहे.' ते मायनं सांगितलेली नसते. ते तिची." थोडं थांबून तो म्हणाला, "तिथं थंडी अशी का थुंकी खाली पडेस्तोवर गोठे. चिठ्ठी आली का मी आधी खालची ओळ पाहो. मंग वरचं वाचो. जानेवारीच्या पत्रात... ते ओळच नव्हती."

"मंग?"

"मंग काय! तीन दिवस क्रेनवर चढलो नाही. गालीनाले सांगितलं पोट दुखते. ते म्हणे, पोट इथं नसते, अन् बोट छातीवर ठेवलं तिनं." तो हसला, पण पुरतं हसू आलं नाही. "बिमार होती का, रुसली होती का, काही समजेना. पुसू तरी कसं? पत्र तं बाबाच्या नावावर. मी आपला आशीर्वाद धाडून दिला."

भागीरथा उठली. स्टोव्हवर नसलेलं दूध बघायला ती भिंतीकडे वळली आणि तशीच उभी राहिली. सांगावं वाटत होतं — कागद संपला होता हो! आत्याबाई सांगायच्या थांबतच नव्हत्या, अगदी शेवटच्या कोपऱ्यापर्यंत वांगी आणि काकड्या... पण आता बोलली तर सगळंच उघडं पडलं असतं.

"आणा, पाहू तरी फारम," मागून तो म्हणाला. "काही इंग्रजी अडलं असन तं सांगतो. मी मॅट्रिक आहो, पण कारखान्याचे कागद भरून भरून..."

ती वळली तोवर त्याने कागद हातात घेतला होता.

ते टेबल तेजरामने, अन्नपूर्णाच्या नवऱ्याने, रशियन यंत्रांच्या खोक्यांच्या फळ्या ठोकून केलेलं होतं. फळीवर अजून त्या देशाची काळी अक्षरं होती. त्या अक्षरांवर तिचा फॉर्म, आणि फॉर्मवर तिचं निळ्या शाईचं अक्षर. किंचित उजवीकडे कललेलं. सातच्या आकड्याला पोटात आडवी रेघ. ती रेघ तिने तेरा पाकिटांवर मारली होती, त्याच्या वसतिगृहाचा नंबर सत्त्याहत्तर होता म्हणून.

त्याने कागद डोळ्यांजवळ नेला. मग लांब धरला. मग त्याची नजर कागदावरून तिच्या हातांवर गेली, आणि तिथेच राहिली.

बाहेर पागोळ्या टपटपत होत्या. रुक्माने एक मोठी जांभई दिली.

"दोन वर्षं," तो म्हणाला. आवाज अगदी हळू. "नागपूर."

"हाव."

भागीरथाने पेन उचललं आणि त्याच्यापुढे धरलं. आता लपवण्यासारखं काही उरलं नव्हतं. तो पाहत होता, ती पाहत होती, आणि लग्नानंतर तेरा महिन्यांनी नवरा-बायकोची पहिली नजरभेट दुसऱ्याच्या घरात, दुसऱ्याची पोर मध्ये घेऊन होत होती.

पेन त्याने घेतलं नाही.

"हात ओले आहेत माहे," तो म्हणाला. रुक्माला त्याने तिच्या मांडीवर ठेवलं, बूट घातले, पेटी उचलली आणि पावसात निघून गेला. हॅट खुंटीवरच राहिली.

त्या दिवशी अकराच्या पाच-बमध्ये दिवाळी होती. मैनाबाईंनी पोरावरून भाकरतुकडा ओवाळून टाकला, नळावरच्या साऱ्या बाया येऊन त्याने मायसाठी आणलेली रशियाची शाल हात लावून पाहून गेल्या. सासरे मारोतराव कोक ओव्हनच्या भट्टीवरून आले ते धुराने काळवंडलेल्या तोंडानेच पोराला मिठी मारून बसले. भागीरथा पदर घेऊन चुलीपाशी. तिने त्याची हॅट आणून गुपचूप खुंटीला लावली. त्याने ती पाहिली.

जेवताना मैनाबाईंनीच विषय काढला. "देवीदास, बापू, सांग आता तूच. वरीसभर पोराचं तोंड नाही पाह्यलं मी. आता घर भरलं म्हणत होती, तं हे नागपूरले जातो म्हणते. लोकं काय म्हणतीन? नवरा आला, अन् बायको गेली!"

मारोतरावांनी ताटावरून मान वर केली नाही. "त्यानं सही केली तं माही ना नाही. नाही केली तं माहा आग्रह नाही. त्याईचं त्याईनं पाहावं."

भागीरथाच्या हातातली भाकर तव्यावरच थांबली. आता बोलेल... दुपारी केवढा ताठ बसला होता! हात जोडून सही करन म्हणाला होता.

"भाकर करपून राहिली," देवीदास म्हणाला.

एवढंच.

भागीरथाने भाकर उलटवली. तिला त्याचा राग आला नाही, याचंच तिला नवल वाटलं. दुपारी तो कुणा अनोळखी वहिनीशी बोलत होता. परक्याच्या बायकोला आकाशाएवढी मोकळीक देणं सोपंच असतं. आणि खोटं कशाला बोला, बर्फात तेरा पत्रं छातीशी धरून वर्ष काढलेल्या माणसाला आल्या आल्याच "आता मी जाते" म्हणणं, हेही काही सोपं नव्हतं. त्याने नाही म्हटलं तरी ती त्याला वाईट म्हणू शकणार नव्हती. हेच सगळ्यांत वाईट होतं.

सकाळी ती उठली तर तो नव्हता.

"सहालेच गेला कारखान्यात," मैनाबाई म्हणाल्या. "हजर व्हाचं म्हणे. सायकल घेऊन गेला."

फॉर्म ट्रंकेत होता तसाच होता. तिने खाली पाहिलं — सहीची जागा कोरी. नऊ वाजले. साडेनऊ. शेवटी तिने कोरा फॉर्म घडी करून पिशवीत घातला. बाबांना निदान तोंडाने सांगावं, की यंदा नाही. पत्राने कळवण्यासारखी ती गोष्ट नव्हती.

"आत्याबाई, टेसनावर जाऊन येतो. बाबा येणार आहेत."

मैनाबाईंनी तिच्याकडे पाहिलं. मग त्यांनी दोन भाकरी आणि ठेचा फडक्यात बांधून तिच्या हातात दिला. "देवराव व्याह्याले दे. गाडीत उपाशी असतीन."

स्टेशनपर्यंतची वाट लाल चिखलाची. लांबवर भट्टीचा धूर ढगांत मिसळला होता. भागीरथा चालता चालता मनात वाक्यं जुळवत होती. 'बाबा, पुढच्या वर्षी पाहू.' नाही. 'बाबा, ते आताच आले ना...' नाही. बाबांनी तिला मॅट्रिकनंतर रेल्वेच्या जुन्या वह्यांच्या कोऱ्या बाजूंवर गणितं सोडवायला बसवलं होतं. गार्डच्या डब्यात कंदिलाशी बसून तिचे पेपर त्यांनी स्वतः पाठ केले होते, समजत काही नसताना. त्यांना काय सांगायचं?

मालगाडी आली, पाणी घ्यायला थांबली. शेवटच्या डब्यातून देवराव उतरले. पांढरा कोट, काखेत हिरवी-लाल झेंडी.

"आण पोरी! झाली सही?"

भागीरथाने आधी भाकरीचं फडकं पुढे केलं. मग फॉर्म. देवरावांनी चष्मा लावला, खाली पाहिलं, आणि चष्मा काढून पुसत बसले.

"जावई आले ना? तेजराम भेटला मागच्या टेसनावर."

"आले."

"मंग?"

"बाबा, ते..." तिने फॉर्म परत घ्यायला हात पुढे केला.

"ओ गार्डसाब! रुको!"

प्लॅटफॉर्मच्या त्या टोकाने एक सायकल धडधडत येत होती, आणि सायकलवर देवीदास, गुडघ्यापर्यंत चिखल, कपाळापर्यंत चिखल. सायकल त्याने उभी केली नाही, टाकूनच दिली. धापा टाकत त्याने सासऱ्यांचे पाय धरले, आणि मग खिशातून एक कागद काढून भागीरथासमोर नाचवला.

"साडेचार घंटे! साडेचार घंटे दफ्तरासमोर बसलो. बाबू म्हणे उद्या ये. म्हटलं, उद्या नाही, आजच!"

"काय आहे ते?"

"वाच ना. तूच तं वाचणारी घरात."

तिने वाचलं. त्याच्या नेमणुकीचा कागद होता तो. क्रेन ऑपरेटर, ओपन हार्थ विभाग, म्हणजे पोलादाच्या भट्ट्यांवर.

"कालपर्यंत मी ट्रेनी होतो," तो म्हणाला. "फारमवर सहीखाली हुद्दा लिहाचा आहे, पाह्यलं होतं मी काल. ट्रेनीची बायको म्हून कावून जाशीन? ऑपरेटरची बायको म्हून जा!"

देवरावांनी मान दुसरीकडे वळवली आणि इंजिनाकडे बघत राहिले. तिकडे बघण्यासारखं काहीच नव्हतं.

"मंग काल..." भागीरथा पुटपुटली. "काल पेन कावून नाही घेतलं?"

देवीदास ओशाळला. चिखलाच्या हाताने त्याने कपाळ पुसलं, ते आणखीच माखलं. "काल तं मी वहिनीले बोललो होतो. वहिनीसाठी लय सोपं होतं वं. मंग पाह्यलं का हे तं माहीच... अन् सगळी हिंमत पायातून निघून गेली. घरी आलो, भाकर करपली म्हणालो, दुसरं काही सुचेच ना. मंग वाटलं, मी गेलो तवा तुले कोणी पुसलं होतं? न पुसता गेलो. तू तरी पुसून जाऊन राहिली."

"अन् आता? सोपं झालं?"

"नाही. जड आहे." त्याने तिच्याकडे सरळ पाहिलं. "पण वहिनीसमोर जे बोललो ते भागीरथासमोर फिरवलं, तं गालीना तिथून येऊन मले क्रेनवरून ढकलून देईन."

ती हसली. डोळ्यांतलं पाणी गालावर येऊन तिच्या हसण्यातच सांडलं.

"सिग्नल पडला!" देवराव ओरडले. "जावईबापू, करायची तं आता करा!"

टेकायला काही नव्हतं. देवरावांनी आपली गार्डची काळी पेटी पुढे ओढली. देवीदासने आधी हात पाठीला, मग सदऱ्याला, आणि शेवटी भागीरथाने पुढे केलेल्या पदराच्या टोकाला पुसले. मग खाली बसून, जीभ दातांत धरून, त्याने एक एक अक्षर काढलं. पूर्ण नाव. त्याखाली नातं — पती. त्याखाली हुद्दा. तो लिहीत असताना ती त्याच्या हाताकडे पाहत राहिली.

इंजिनाने शिट्टी दिली. देवरावांनी फॉर्म कोटाच्या आतल्या खिशात ठेवला, वरून बटण लावलं, आणि चालत्या डब्याच्या पायरीवरून हिरवी झेंडी अशी फडकवली की स्टेशनमास्तरनेही बाहेर येऊन पाहिलं. गाडी वळणाआड जाईपर्यंत ती हलत होती.

दोघं सायकल हाती धरून परतले. चाक वाकलं होतं, त्यामुळे बसता येत नव्हतं. ते बरंच झालं.

"ऐका," सेक्टरच्या पहिल्या सडकेशी ती म्हणाली. "जानेवारीत कागद संपला होता."

"काय?"

"ते ओळ. आत्याबाईनं वांग्याचा भाव सांगितला, मंग काकडीचा. जागाच नाही उरली."

तो रस्त्याच्या मधोमध थांबला. "तीन दिवस! काकडीपायी मी तीन दिवस जेवलो नाही?"

"क्रेनवर चढलो नाही म्हणाले होते."

"जेवलो पण नाही. लाज वाटली म्हून काल सांगितलं नाही."

आणि बोलता बोलता तो पुन्हा बाराव्या सडकेत वळला. भागीरथाने त्याच्या बाहीला धरून त्याला अकराकडे आणलं.

जुलैच्या तिसऱ्या आठवड्यात प्रवेश मिळाल्याचं पत्र आलं. मैनाबाईंनी ते वाचून घेतलं. पुन्हा वाचून घेतलं. मग उठून भागीरथाच्या ट्रंकेत लोणच्याची बरणी ठेवली आणि त्यावर रशियाची शाल घातली, जी त्यांनी अजून एकदाही अंगावर घेतली नव्हती.

"आत्याबाई, हे तं तुमची..."

"राहू दे. नागपूरले थंडी पडते." पदराने बरणीचं झाकण पुसत त्या म्हणाल्या, "पोराले रशियाले धाडलं तवा मले कोणी पुसलं होतं? धाडलंच ना मी. नागपूर काही रशिया नाही." आणि संध्याकाळी नळावर, बादली भरून वाहायला लागली तरी नळ बंद न करता, त्या साऱ्या बायांना ऐकू जाईल असं सांगत होत्या, "माही सून फळ्यासमोर बसून शिकणार आहे. गणित. पोरगा पोलाद उचलन, अन् सून हिशोब सांगन किती उचललं ते!"

नागपूरला पहिल्या तासाला भागीरथा पहिल्या बाकावर बसली. सरांनी खडू उचलला, आणि फळ्यावर पहिली रेघ उमटताना झालेला तो किर्र आवाज तिने कानांत साठवून घेतला.

वसतिगृहावर परतली तर पत्र आलेलं होतं. पाकिटावरचं अक्षर ओळखीचं होतं. आजवर ते सासऱ्यांच्या नावावर यायचं, आज प्रथमच तिच्या नावावर होतं. आत सगळं मैनाबाईंचं होतं. वांगी पुन्हा महागली. अन्नपूर्णाची रुक्मा बसायला लागली. सुखराम परवा पुन्हा चुकून दुसऱ्याच्या घरात शिरले. मारोतरावांचा खोकला बरा आहे. तू जेवत जा, रात्री केस ओले ठेवू नको, परीक्षेत पहिली ये...

पान भरत आलं होतं. पण तळाशी चार बोटं जागा कोरी सोडलेली होती, आणि तिच्या मधोमध एक ओळ —

"ता. क. — माय काकडीचा भाव सांगत होती. तो लिहिला नाही, या ओळीसाठी जागा ठेवली. पत्र लिहिणारा बरा आहे."